अलास्का क्रूझ + लँड टूर : बसचे लांब पल्ले आईबाबांना झेपतील का?

खारीबिस्कीट

नमस्कार मंडळी, पुढच्या जूनमध्ये आईबाबा पुण्याहून आमच्याकडे ऑस्टिनला येणारेत आणि सगळ्यांनी मिळून अलास्का करायचं चाललंय. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा लेक आणि आईबाबा. नुसती क्रूझ करावी की क्रूझ अधिक लँड टूर करावी यावरून घरात रोज रात्री जेवताना संसद भरते.

एजंटने जी आयटिनररी पाठवलीय ती अशी : व्हँकुव्हरहून सात रात्रींची क्रूझ, केचिकन, जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे करत शेवटी सुअर्डला उतरायचं. उतरलो त्याच दिवशी बसने थेट डेनाली नॅशनल पार्क. तिथे दोन रात्री, मग परत बसने फेअरबँक्स आणि तिथून विमान. कागदावर मस्त दिसतंय, पण गूगल मॅपवर टाकून बघितलं तर सुअर्ड ते डेनाली पाचशे ऐंशीच्या वर किलोमीटर येतंय!! एजंट म्हणतो मॅडम डीलक्स कोच आहे, कळतसुद्धा नाही.

आता आमची परिस्थिती. बाबा ७१ चे, तब्येत ठणठणीत पण प्रोस्टेटमुळे दर दीड-दोन तासांनी जावंच लागतं आणि त्या टेन्शनमध्ये ते प्रवासात पाणीच पीत नाहीत. आईचे गुडघे बरे नाहीत, शिवाय तिला गाडी लागते, ताम्हिणीत ती खिडकीशी पिशवी घेऊनच बसते. लेक एका जागी वीस मिनिटं बसला तर आम्ही थर्मामीटर शोधतो.

आणि नवरोबांना याहून मोठी, कॅनडातल्या युकॉनमध्ये आत जाणारी टूर करायचीय कारण लहानपणी कुठेतरी सोन्याच्या शोधाच्या गोष्टी वाचल्यात.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी खरं खरं सांगा, इतका वेळ बसमध्ये बसून क्रूझची सगळी मजा उतरते का? जेवणाचं वगैरे मी बघून घेईन, मला फक्त या बसचं सांगा.

उंडगा

स्पष्ट सांगू का, नका जाऊ. आम्ही सेम असंच केलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. शेवटच्या रात्री बॅगा केबिनच्या बाहेर ठेवायच्या, पहाटे उठून नाश्त्याला झुंबड, मग तुमच्या रंगाचं टॅग पुकारेपर्यंत लाउंजमध्ये ताटकळत बसायचं, मग बस. एक आठवडा जहाजावर राजासारखं राहिल्यावर एकदम शाळेच्या सहलीत नाव घातल्यासारखं वाटलं. आमच्या बसचा एसी बिघडलेला होता, मागे गरम आणि पुढे बर्फ. रस्त्यात दुरुस्ती चालू म्हणून पाऊण तास एकाच जागी उभे, तिथे उन्हाळाभर रस्त्याची कामं चालतात कारण बाकी वर्षभर करताच येत नाहीत. पोचलो तेव्हा बायको माझ्याशी बोलत नव्हती.

आणि डेनाली? दिसलाच नाही. ढग. उन्हाळ्यात जाणाऱ्यांपैकी साधारण तीनातल्या एकालाच तो डोंगर दिसतो हे आम्हाला तिथे गेल्यावर टीशर्टच्या दुकानात कळलं, "मला दिसला" असे टीशर्ट विकतात तिथे. सरळ सिअ‍ॅटलहून जाऊन येऊन क्रूझ करा, एकदा बॅग उघडली की आठवड्याने बंद करायची. आईबाबा खूश राहतील.

रानजाई

उंडगा, तुमचा एसी बिघडला त्यात अलास्काचा काय दोष 😀

मी उलट बाजूने लिहिते. आमच्या ट्रिपमधला मला सगळ्यात जास्त आठवणारा दिवस बसचाच आहे, जहाजावरचा नाही. सुअर्डहून अँकरेजकडे येताना पहिले तास-दीड तास डोंगर आणि तळी, आणि मग टर्नअगेन आर्म लागतं, म्हणजे समुद्राचा लांब फाटा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला थेट कडा, मधून रस्ता आणि रस्त्याला लागून रेल्वेचे रूळ. पाणी इतकं भराभर चढतं-उतरतं की ओहोटीला नुसता राखाडी चिखल दिसतो, त्यावर चालायला जाऊ नका म्हणून पाट्या आहेत, पाय रुततो आणि भरती येते. आमची ड्रायव्हर म्हणजे कॉलेजची मुलगी, उन्हाळ्याच्या नोकरीला आलेली, तिने एका ठिकाणी गाडीचा वेग कमी करून उभी वाळलेली पांढरट झाडं दाखवली. १९६४ च्या भूकंपात, ९.२ चा होता तो, तिथली जमीन कित्येक फूट खाली गेली, समुद्राचं पाणी मुळांत शिरलं आणि ती झाडं मेली ती मिठामुळे तशीच उभी राहिलीत. सगळी बस एकदम गप्प झाली होती, आणि मग पलीकडच्या कड्यावर कुणाला तरी पांढरी रानमेंढी दिसली आणि सगळे त्या बाजूच्या खिडकीला. हे जहाजाच्या डेकवरून होत नाही हो.

हां, पण आम्ही अँकरेजला थांबलो होतो त्या रात्री. त्याच दिवशी पुढे डेनालीपर्यंत जायचं असतं तर मीही उंडगांसारखंच लिहिलं असतं बहुतेक. सुअर्ड-अँकरेज २०० किलोमीटरच्या आसपास आहे, अडीच तास, ते मजेत जातात. पुढचे चार-पाच तास मात्र दुपारचे, जेवण झालेलं, निम्मी बस झोपलेली.

गाडीवान

काही वर्षं अँकरेजला नोकरीला होतो, येणारे-जाणारे पाहुणे भरपूर, त्यामुळे या रस्त्यावर भरपूर गाडी हाकलीय. थोडं सविस्तर लिहितो.

बसचे एकूण तास मोजू नका. ते कुठल्या दिवशी आणि कसे पडतात ते बघा. तुमच्या एजंटने सुअर्ड ते डेनाली एकाच दिवसात कोंबलंय, आणि तोही जहाजातून उतरायचा दिवस. पहाटेपासून लोक उठलेले असतात. नुसतं अँकरेज ते डेनाली पार्कचं दार हेच ३८० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-कोल्हापूर समजा. त्याला आधी सुअर्ड-अँकरेज जोडलंय. थांबे धरून नऊ तासांच्या खाली होत नाही, रस्त्याचं काम लागलं तर दहा. हे ७१ वर्षांच्या माणसाला झेपेल का, झेपेल. पण दुसऱ्या दिवशी काय आहे ते बघा, आणि हेच कुणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी परत बस आहे! डेनाली पार्कच्या आत स्वतःची गाडी फक्त पहिल्या १५ मैलांपर्यंत नेता येते, पुढे पार्कचीच बस. ती डीलक्स वगैरे काही नाही, शाळेच्या बससारखी बांधणी, आत टॉयलेट नाही, पायऱ्या उंच. रस्ता पुढे कच्चा. पूर्ण रस्ता ९२ मैलांचा आहे पण प्रिटी रॉक्स नावाच्या जागी डोंगर खचायला लागला म्हणून २०२१ च्या ऑगस्टपासून ४३ व्या मैलाच्या पुढे बंद आहे, तिथे पूल बांधतायत, जायच्या आधी पार्कच्या साइटवर बघून घ्या. तिथपर्यंत जाऊन यायची जी मोठी टूर आहे ती पाच-साडेपाच तासांची. एजंट हिला "नॅशनल पार्क टूर" म्हणतो आणि बसच्या तासांत धरतच नाही. म्हणजे तुमचं गणित असं होतं : पहिल्या दिवशी नऊ तास, दुसऱ्या दिवशी साडेपाच, तिसऱ्या दिवशी फेअरबँक्सपर्यंत आणखी दोन-अडीच. क्रूझ संपल्यावर लागोपाठ तीन दिवस बूड सीटवर.

आता हाच सगळा प्रवास उलटा करून बघा. आधी जमीन, मग जहाज. ऑस्टिनहून सिअ‍ॅटलमार्गे फेअरबँक्सला विमानाने या, रात्री झोपा (रात्र म्हणायची फक्त, जूनमध्ये सूर्य मध्यरात्रीनंतर मावळतो आणि अंधार असा होतच नाही, झोपताना डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या आणा). मग :

फेअरबँक्स ते डेनाली, १९५ किलोमीटर, दोन-अडीच तास. तिथे दोन रात्री, जमल्यास तीन.
डेनाली ते टॉकीटना (वाटेतलं छोटं गाव), साधारण २४५ किलोमीटर, तीन तास. तिथे एक रात्र, दोन केल्या तर सोनं.
टॉकीटना ते व्हिटियर, २८० च्या आसपास, साडेतीन-चार तास. आणि समोर जहाज.

रस्ता तोच आहे बघा, पण एकही पल्ला चार तासांच्या वर नाही. आणि जो काही थकवा येईल तो जहाजावर उतरतो, सात दिवस नुसतं खायचं आणि ग्लेशियर बघायचं. उत्तरेकडे जाणाऱ्या टूरमध्ये हे उलटं होतं, आधी आराम आणि मग फरफट. अशा दक्षिणेकडे येणाऱ्या टूर प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या दोन्ही क्रूझ कंपन्यांकडे आहेत, प्रिन्सेसची जहाजं व्हिटियरला लागतात.

व्हिटियरचा बोगदा लेकाला आवडेल. चार किलोमीटरचा एकेरी बोगदा, त्यातून रेल्वे आणि गाड्या एकाच मार्गिकेवरून आलटून पालटून जातात, रुळांवरूनच गाडी चालवायची. ठरलेल्या वेळेला एका बाजूने सोडतात, चुकलात तर पुढच्या पाळीपर्यंत थांबा. कंपनीच्याच बसने येत असाल तर वेळेत पोचवायची जबाबदारी त्यांची, भाड्याच्या गाडीने येत असाल तर हे वेळापत्रक पाठ करून या.

खारीबिस्कीट

गाडीवान दादा, तुम्हाला साष्टांग. पार्कच्या आतल्या बसचं मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं, मी ते "फिरायला जायचं" या खात्यात टाकलं होतं. आता दोन शंका.

१) त्या आतल्या बसमध्ये टॉयलेट नाही तर बाबांचं काय? साडेपाच तास???
२) बसऐवजी ट्रेन घेतली तर? काचेच्या छताची ट्रेन असते ना, फोटो बघून आई तर लगेच हो म्हणाली. ट्रेन म्हणजे बसपेक्षा लवकर पोचत असेल ना?

लिंबूटिंबू

दोन नंबरचं मी सांगते, ट्रेन लवकर पोचत नाही!! हा सगळ्यांचा समज असतो. अलास्का रेलरोडची गाडी अँकरेजहून सकाळी निघते आणि डेनालीला पोचायला साधारण साडेसात तास घेते, फेअरबँक्सपर्यंत बारा. बस त्याहून दोन-अडीच तास लवकर नेते. ट्रेन हळू जाते, मधे मूस (सांबरासारखं पण बरंच मोठं जनावर) दिसला तर आणखी हळू, आणि मालगाडीला वाट द्यायला उभी राहते ते वेगळं.

तरीपण मी ट्रेनच म्हणेन, आणि तुमच्या घरच्यांसाठी तर नक्कीच. उठून चालता येतं. टॉयलेट कायम आहे आणि रांग नाही. खालच्या मजल्यावर जेवायला टेबलं असतात, वर काचेचं छत. हरिकेन गल्च म्हणून एक दरी लागते, पूल जवळजवळ तीनशे फूट उंचीवर, तिथे गाडी मुद्दाम सावकाश नेतात आणि सगळे फोन बाहेर काढतात. माझा मुलगा दोन डब्यांच्या मधल्या उघड्या जागेतच उभा राहिला होता निम्मा प्रवास (ती उघडी बाल्कनी सगळ्या डब्यांना नसते, तिकीट काढताना विचारा). फक्त एक, काचेच्या डब्यात जिना चढून जावं लागतं, काकूंच्या गुडघ्यांचं बघा. लिफ्टचा डबा मिळू शकतो पण आधी सांगून ठेवायला लागतं.

सगळा प्रवास ट्रेनने करायची गरज नाही. डेनाली ते टॉकीटना हा तुकडा ट्रेनने करा, तोच सगळ्यात सुंदर आहे, बाकी बस. बसनेच गेलं पाहिजे असा एकच तुकडा मी म्हणेन तो टर्नअगेन आर्मचा, रानजाईने लिहिलाय तो.

मॉडर्न_आजी

मी स्वतः तुमच्या आईबाबांच्या वयाची, म्हणून लिहिते. तुम्ही मुलं आमच्या वतीने फार काळजी करता, पण चुकीच्या गोष्टीची.

बसमध्ये बसणं हा त्रास नाही गं. बसून तर आम्ही घरीही असतो. त्रास होतो तो चढ-उतार, रांगेत उभं राहणं आणि रोज नवीन खोलीत आपल्या गोळ्यांची पिशवी कुठल्या बॅगेत गेली ते शोधणं, याचा. मोठ्या बॅगा कंपनी परस्पर खोलीवर पोचवते, छान आहे, पण त्या कधीकधी रात्री उशिरा येतात. म्हणून औषधं, एक कपड्यांचा जोड, स्वेटर आणि दाढीचं सामान हातातल्या बॅगेत. आमच्या ग्रुपमध्ये एका गृहस्थांच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या आणि ती बॅग आमच्या आधी निघून पुढच्या हॉटेलात जाऊन बसली.

टॉयलेटचं म्हणाल तर मोठ्या कोचमध्ये मागे एक छोटं असतं, पण चालत्या बसमध्ये तिथपर्यंत धरत धरत जायचं आणि त्या खुराड्यात तोल सांभाळायचा हे गुडघेदुखीवाल्याला जमत नाही, पुरुषांना जमतं. साधारण दोन तासांनी स्टॉप असतो. पण वीस मिनिटांचा स्टॉप, पन्नास माणसं आणि बायकांसाठी दोन संडास, त्यात पंधरा मिनिटं रांगेतच जातात. मी काय करायची, बस थांबायच्या आधी पाच मिनिटं पुढे येऊन उभी राहायची. ड्रायव्हर रागवायचा, मी हसायची.

पार्कच्या आतली बस मधे थांबते, अगदीच साडेपाच तास कोंडून ठेवत नाहीत. तीसाव्या मैलाला टेक्लनिका म्हणून जागा आहे तिथे टॉयलेट आहेत. आणि एक छोटी टूर आहे ती तिथपर्यंतच जाऊन परत येते, चार-साडेचार तासांची. बाबांना ती पुरे. अगदीच नको असेल तर १५ मैलांपर्यंत सॅव्हेज नदीला जायची पार्कची फुकट बस आहे, जाऊन यायला दोन तास, आणि प्राणी तिथेही दिसतात, आम्हाला मूस बाई तिच्या पिल्लाला घेऊन अगदी रस्त्याच्या कडेला चरताना दिसली. नातवाला पार्कच्या कुत्र्यांकडे न्या! हिवाळ्यात रेंजर लोक कुत्र्यांच्या स्लेजवरून गस्त घालतात, त्या कुत्र्यांचं घर पार्कमध्येच आहे आणि उन्हाळ्यात ते ओढून दाखवतात. फुकट.

बाबांना सांग पाणी प्यायचं थांबवू नका. तासन्‌तास न हलता बसणं आणि वर पाणी कमी, याने पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते, या वयात तर जास्तच. डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घ्या, बसल्या बसल्या घोटे फिरवत राहायचे. आणि त्या प्रोस्टेटच्या त्रासाबद्दल डॉक्टरांशी निघायच्या आधी बोलायचं, गोळ्यांच्या वेळा पुढेमागे करता येतात. पुरुष हे कुणाशी बोलत नाहीत, मग पाणी पीत नाहीत, हे माझ्या घरातही झालंय.

गाडीवान

आजींनी सगळं लिहिलंच. मी गाडी लागण्याचं सांगतो.

पार्क्स हायवेवर (अँकरेजकडून डेनाली, फेअरबँक्सला जातो तो रस्ता) ताम्हिणीसारखी वळणं नाहीत, बराचसा सरळ, मोठ्या वळणांचा रस्ता आहे. तिथे त्रास होतो तो उसळ्यांचा. खालची जमीन गोठते, वितळते, रस्त्याला लाटा पडतात, फेअरबँक्सच्या बाजूला जास्त. बसच्या मागच्या चाकांच्या मागे बसलात तर अक्षरशः उडायला होतं. त्यामुळे काकूंना चाकांच्या पुढे, जमेल तितकं पुढच्या बाजूला बसवा. बऱ्याच टूरमध्ये सीट रोज फिरवतात, पण गाडी लागते असं आधीच सांगितलं तर पुढची देतात, तिथे लाजू नका.

आणि खरं सांगायचं तर काकूंना त्रास बसमध्ये नाही, जहाजावर व्हायची शक्यता जास्त आहे. केचिकन, जुनो, स्कॅगवे हा सगळा भाग बेटांच्या आडोशाने जातो, तिथे पाणी शांत असतं. पण व्हँकुव्हर ते व्हिटियर किंवा सुअर्ड अशी एका दिशेची क्रूझ घेतली की गल्फ ऑफ अलास्का उघड्या समुद्रातून पार करावाच लागतो, आणि तो कधी कधी चांगलाच हलवतो. अवोमिन तिकडूनच घेऊन यायला सांगा, आणि केबिन जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर घ्या. बाल्कनीच्या नादाला लागून अगदी वरची आणि टोकाची घेऊ नका.

उंडगा

हे मात्र खरं. सिअ‍ॅटलहून जाऊन येणाऱ्या क्रूझमध्ये गल्फ लागत नाही, म्हणून मी म्हणत होतो. पण हेही लिहितो, की त्या जहाजांचाही बराचसा रस्ता व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून असतो. म्हणजे अगदीच सुटका नाही.

आणि गाडीवान, तुमचा उलटा प्लॅन आम्हाला कुणी सांगितला असता तर बायको बोलत राहिली असती.

सह्याद्रीकर

युकॉनबद्दल कुणीच लिहिलं नाही, आम्ही केलंय ते. खारीबिस्कीट, तुमच्या मिस्टरांना निराश करायचं नाहीये पण या पाच जणांत ते बसवू नका.

काय असतं, जहाज स्कॅगवेला सोडायचं. तिथून व्हाइट पासची छोट्या रुळांची गाडी, १८९८ ला बांधायला घेतली आणि १९०० ला पुरी केली, सोनं शोधायला जाणाऱ्यांसाठी, ती डोंगरात चढते, ते अप्रतिम आहे. पुढे बस, व्हाइटहॉर्स. आणि दुसऱ्या दिवशी व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी, पाचशे तीसेक किलोमीटर, आख्खा दिवस. आणि हा रस्ता टर्नअगेनसारखा नाही, तासन्‌तास झाडं, झाडं, झाडं, मधे एक नदी, परत झाडं. मला ते आवडलं, कारण माणूसच नाही ही गोष्ट मला आवडते. ब्रेबर्नला रस्त्यावर एका लॉजमध्ये दालचिनीचा बन मिळाला, चेहऱ्याएवढा, एकात चार जण खातील असा. पण बायको आणि मुलगी पत्ते खेळत होत्या पूर्ण वेळ, खिडकीबाहेर बघितलंही नाही.

डॉसन स्वतः भारी आहे. १८९६ ला तिथल्या नाल्यात सोनं सापडलं आणि दोन वर्षांत शहर उभं राहिलं, लाकडी फुटपाथ, मातीचे रस्ते अजून तसेच. काही टूरमध्ये डॉसनहून फेअरबँक्सला विमानाने न्यायचे, म्हणजे परत बस नाही, करायचंच असेल तर अजून तशी टूर आहे का ते बघा. पण नऊ वर्षांचा मुलगा आणि दर दीड तासाला थांबायला लागणारे आजोबा, नको हो. मिस्टरांना म्हणावं व्हाइट पासची ट्रेन स्कॅगवेच्या बंदरातून अर्ध्या दिवसात करून येता येते. तेवढं सोनं त्यांना पुरेल.

रानजाई

खारीबिस्कीट, स्वतः गाडी चालवायचा विचार केलात का? अँकरेजला मोठी गाडी भाड्याने घ्यायची आणि हवं तिथे थांबायचं. बाबांचा प्रश्नच मिटला, आईलाही पुढे बसवता येईल. आमच्या मैत्रिणीने असंच केलं.

गाडीवान

चालेल, रस्ता अवघड नाही, पण दोन गोष्टी. एक म्हणजे गाडी जिथून घेतली तिथेच सोडली तर बरं, दुसऱ्या गावात सोडायचे पैसे ऐकून घाम फुटतो, आणि व्हिटियरला शेवट करायचा असेल तर अँकरेजला गाडी देऊन पुढे बस किंवा ट्रेन घ्यावी लागते. दुसरं, चालवणाऱ्याला काही दिसत नाही. पेट्रोल पंप बघत चालवायचं, मूसवर लक्ष ठेवायचं, ते प्रकरण साधं नाही, पाचशे किलोचं जनावर लांब पायांवर उभं असतं, धडक बसली तर आख्खं धूड काचेतून आत येतं. मिस्टरांना आनंद होत असेल तर घ्या. माझा अनुभव असा की गाडी चालवणारा जावई आणि मागे बसलेले सासरे यांच्यात वासिलापर्यंत (अँकरेजहून तासाभरावरचं गाव) बोलणं असतं, पुढे नसतं.

खारीबिस्कीट

हाहाहा, जावई आणि सासरे वाला मुद्दा मी घरात वाचून दाखवला, बाबा सगळ्यात जास्त हसले.

काल रात्री व्हिडिओ कॉलवर दोघांना सगळं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले मॉडर्न आजींना माझा नमस्कार सांग आणि पाणी पितो म्हणून सांग. आईने सरळ विचारलं, "जहाज शेवटी का सुरुवातीला?" शेवटी म्हटल्यावर म्हणाली मग झालं तर, दमलं तरी पुढे खाट आहे. तर गाडीवानदादांचा उलटा प्लॅन जवळजवळ पक्का. फेअरबँक्स एक रात्र, डेनाली तीन, टॉकीटना एक आणि व्हिटियरहून जहाज. डेनाली ते टॉकीटना ट्रेन, लिफ्टच्या डब्याचं आज विचारते. पार्कमध्ये आम्ही तिघं मोठ्या टूरला आणि आईबाबा सॅव्हेजच्या फुकट बसने, असं करू म्हणतोय. नवरोबा युकॉनवरून रुसलेत पण व्हाइट पासवर मान्य झाले.

आता अडलंय एकाच ठिकाणी. एजंट म्हणतो क्रूझ असल्यामुळे आईबाबांना कॅनडाचा व्हिसा लागणार नाही. खरं का?

सह्याद्रीकर

अजिबात ऐकू नका. व्हँकुव्हरला उतरणार म्हणजे कॅनडात शिरणार, भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच, तुमचे पासपोर्ट भारतीय असतील तर तुमचंही बघा. आईबाबांचा आत्ताच अर्ज टाका, बायोमेट्रिक्स द्यायला लागतात, त्यात वेळ जातो. अमेरिकेचा व्हिसाही एकाहून जास्त वेळा शिरता येईल असाच हवा कारण परत ऑस्टिनला यायचंय. आणि व्हँकुव्हर एअरपोर्टवर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच, विमानात बसायच्या आधी होतं. ज्या दिवशी तीन जहाजं लागलेली असतात त्या दिवशी ती रांग पाहायला मिळते. सकाळचं विमान घेऊ नका, दुपारनंतरचं घ्या, आणि दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवा. गुडघ्यांसाठी म्हणून सांगा, लाजायचं काही नाही.

लिंबूटिंबू

आणि त्या एजंटचं बाकीचं पण सगळं एकदा तपासून घे बाई. ज्याला कोचमध्ये नऊ तास "कळतसुद्धा नाहीत" आणि कॅनडाला व्हिसा लागत नाही, त्याने जहाजाची तारीख तरी बरोबर टाकलीय का बघ. घरचं डब्यातलं खाणं जहाजावर नेऊ देत नाहीत, चिवडा-चकली दुकानातली सीलबंद पाकिटं घे, आणि डेनालीत संपवायला मेतकूट-भात. मच्छरांचं औषध विसरू नकोस, जूनमध्ये तिथले डास बसच्या दारापाशी वाट बघत असतात.